आईनं चातुर्मासात सोडलेली गोळी

चातुर्मासात माणसानं काहीतरी सोडावं. आमच्या आईनं रक्त पातळ करायची गोळी सोडली.

(तुम्हाला हसू आलं असेल. माझं मात्र डोकं फुटायची वेळ आली होती!)

उन्हाळ्यात परभणीला आईच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी पाच प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि त्यातली रक्त पातळ करायची गुलाबी गोळी दाखवून बजावलं, "ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकली तर स्प्रिंग बंद पडेल." आमच्या गावी मानवतला आल्यावर हे वाक्य मी आईला रोज ऐकवलं. ऐकवलं म्हणजे ओरडून; मला हळू बोलता येत नाही.

आणि एका सकाळी देवघरात काडेपेटी शोधताना वाटीत गुलाबी गोळ्या दिसल्या. वर हळदीकुंकू वाहिलेलं!

"माय! हे काय हाय?"

"वरडू नको. नेम धरलाय. चातुर्मासात काहीतरी सोडावं लागतंय."

"मग वांगं सोड की! कांदा सोड!"

"वांगं सोडून खाऊ काय? मळ्यात दुसरं हाय काय? गोळ्या पाच हायत. एक सोडली तर चार उरत्यात."

रागानं मी वाटीतल्या गोळ्या खिशात कोंबल्या. खरं सांगायचं तर भीतीनं. तिला आणि बायकोला जीपमध्ये बसवलं आणि परभणीपर्यंत सारा रस्ता ओरडत गेलो. शेवटी ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, पेशंट नेमकं कोन हाय?"

डॉक्टरांनी मशीन लावून छातीच्या ठोक्यांची, ईसीजीची पट्टी काढली. "नशीब, निभावलंय. पण गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा."

आईनं नकाराची मान हलवली. "देवाला बोललेलं मोडू कसं?"

मी टेबलावर हात आपटला. "तुला काही झालं तर देव येनार हाय का माझी माय म्हनून?"

"मावशी, नेम धरला कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याचा राग कमी व्हावा म्हनून."

डॉक्टर पुन्हा पट्टी बघायला लागले. मी टेबलावरचा हात गुपचूप खाली घेतला.

तोड काढली बायकोनं. "आत्याबाई, घरातल्या दुसऱ्यानं नेम पुढं चालवला तर मोडत न्हाई. ह्यांचा वांग्यावर लय जीव हाय. ह्यांनी वांगं सोडावं." मी लगेच हो म्हणालो. त्या क्षणी मी भाकरीसुद्धा सोडली असती!

आता आई पाचही गोळ्या घेते, माझ्यासमोर, तोंड उघडून दाखवत. मळ्यात वांगी लगडलीत. घरात रोज भरलं वांगं आणि माझ्या ताटात दोडका! काल ताट सरकवून मी असा ओरडलो, की शेजारच्या कौसामावशी धावत आल्या.

आई शांतपणे म्हणाली, "काय न्हाई गं. माझा नेम चालू होता तवा जरा तरी बरा होता."