ओल्या चिखलावर डांबर

मी ओल्या चिखलावर डांबर फासले. चूक एवढीच होती. ती मला दुसऱ्याच दिवशी सुधारता आली असती, पण मी ती झाकली आणि माझ्या दाजींनी तिचे ओझे आपल्या डोक्यावर घेतले. ते का घेतले हे त्यांनाही माहीत नव्हते. मला माहीत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीच्या काळात ते देवळाली कॅम्पात एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवत. साहेब विलायतेला परतला तेव्हा जाताना त्याने आपली जुनी गाडी दाजींना विकली. पुढे स्टेशनावरून गावात जाणारी ट्राम बंद पडली आणि स्टेशनावर उतरणाऱ्या लोकांना मोटारीची गरज भासू लागली. दाजी स्टेशनावरून गावात भाडे आणत, आणि यात्रेकरू मिळाले की त्र्यंबकापर्यंत जात. कापडी टपाची ती गाडी आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. चढावर ती इतकी धापा टाकी की दाजी तिला गोंजारत बोलत, आणि मागे बसलेल्यांना वाटे की ते आपल्याशीच बोलत आहेत.

दाजींचा एक गुडघा वाकत नसे. गाडीखाली शिरणे त्यांना जमणारे नव्हते. मी लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला होतो आणि त्यांच्या शेजारच्याच आळीत राहत होतो, म्हणून खालचे काम माझ्याकडे आले.

"वरचं मी बघतो, खालचं आमचे मेहुणेबुवा बघतात," असे ते उतारूंनासुद्धा सांगत. "मी वाकून बघतसुद्धा नाही."

हे खरे होते. ते कधीही वाकून बघत नसत.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावरची काळी चिकण माती चाकांबरोबर उडे आणि गाडीच्या पोटाला जाऊन बसे. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यांत, चाकांवरच्या पोलादी कमानींच्या पात्यांत, ब्रेकच्या दांड्यांवर तिचे थर चढत. माती ओल धरून ठेवते आणि ओल लोखंड खाते. त्यावर दाजींची रीत ठरलेली होती. पाऊस सरला की घरामागे खणलेल्या चरावर गाडी उभी करायची, चरात उतरून खुरप्याने माती खरवडायची, वर पाणी मारायचे, आणि मग गाडी काही दिवस तशीच उन्हात वाळू द्यायची. पुढे तारेच्या ब्रशने गंज काढायचा. कमानींना जळके ऑईल पाजून वर गोणपाटाच्या पट्ट्या आवळायच्या. चॅसीला डांबर लावायचे ते अगदी शेवटी.

"डांबर म्हणजे पांघरूण," दाजी म्हणत. "ओल्या अंगावर पांघरूण घेतलं तर गारठा आतच राहतो. समजलं?"

मला समजले होते. म्हणूनच माझ्याजवळ अज्ञानाची सबब नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. दसरा तोंडावर आला तरी रस्ते ओले होते आणि गाडी रोज धावत होती. दसऱ्याला स्टेशनावरचे सगळे मोटारवाले आपापल्या गाड्या धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या करत. कोणाची गाडी कशी दिसते यावरून दिवसभर थट्टा चाले. चार दिवस आधी दाजींनी भाडे बंद करून गाडी चरावर लावून दिली, पण मी चालढकल करत आदल्या दिवशी चरात उतरलो आणि खरवडायला लागलो. उताणा होऊन हात वर धरून धरून खांदे भरून आले. माती डोळ्यांत पडत होती. मागच्या डाव्या कमानीचे टोक चॅसीला जिथे जोडलेले असते, तिथल्या लोखंडी पकडीत माती इतकी ठासून बसली होती की खुरपे आत जाईना. इतक्यात दुकानातले माझे सोबती कुंपणाशी येऊन हाका मारू लागले. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, कुस्त्या लागल्या होत्या.

"काय रे, चरातच दसरा करतोस की काय?"

"आलोच," मी म्हणालो.

डब्यातले डांबर कढत होतेच. मी कुंचला बुडवला आणि धुतलेल्या, न धुतलेल्या, वाळलेल्या, ओल्या सगळ्यावरून सरसकट फिरवला. काळे झाल्यावर सगळे सारखेच दिसू लागले. ते बघून मला समाधान वाटले हेही सांगितले पाहिजे.

संध्याकाळी दाजींनी विचारले, "वाळली होती ना नीट?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ताईने गाडीला कुंकू लावले. दाजींनी चाकापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "घ्या. खालच्या मालकाचा मान पहिला." स्टेशनावर गेलो तर मालेगावकडचे एक मुसलमान मोटारवाले, दाजींचे जुने स्नेही, हटकून वाकून बघू लागले आणि ओरडले, "वा भाईसाब! लोक नवरीच्या हाताला मेंदी काढतात, तुम्ही तर तळपायालाही काढली!" सगळे हसले. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून मला सुखाने आठवत नाही.

थंडीच्या दिवसांत दाजी पहाटेच एक कुटुंब घेऊन त्र्यंबकला गेले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. दर्शन झाल्यावर परतताना, रस्ता सरळ असताना, गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली आणि बाभळीवर आदळली. म्हातारीचा हात खांद्यातून मोडला. दाजींच्या कपाळाला खोक पडली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. त्या म्हातारीचा मुलगा दवाखान्यात साऱ्या लोकांसमोर कडाडला, "हा माणूस चाकावर झोपला होता!" दोन दिवसांत स्टेशनावरही सगळे तेच म्हणू लागले. मालेगावचे ते स्नेहीसुद्धा हळहळत म्हणाले, "पहाटेचा उठलेला माणूस. लागला असेल डोळा."

गाडी ओढून आणायला मी बैलजोडी घेऊन गेलो. बैलवाला बैल सोडून पाण्यावर घेऊन गेला तेव्हा मी खाली शिरलो. मागची डावी पकड तुटली होती. कमान सुटून आस मागे सरकला होता आणि म्हणून गाडी वळली होती. मी खिळ्याने डांबर उचकटले. ते सालीसारखे निघाले आणि आतून माती आली, थंडीच्या दिवसांतही ओलसर. तिच्याखालच्या लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. तो तुटका तुकडा मी धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि परतताना पुलावरून गोदावरीत टाकला. कोणी बघत नाही याची मी आधी खात्री करून घेतली होती.

दाजी ओसरीवर बसले होते. कपाळाला पट्टी होती. त्यांनी माझ्याकडे इतक्या आशेने पाहिले की मला ते आताही आठवते.

"खाली काही दिसलं का रे? काही तुटलंबिटलं?"

मी म्हणालो, "कमान सुटलीय, पण ती आपटल्यामुळे. बाकी खाली सगळं ठीक होतं."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "हो. खालचं तर तू बघितलं होतंस. म्हणजे माझाच डोळा लागला असणार. मला मात्र आठवत नाही रे. रस्ता दिसत होता मला, असं वाटतं."

मी तिथून उठलो आणि घरी आलो. लोक आता विसरतील, दाजी पुन्हा गाडी घेतील, मग बघू, असे मी मनाला सांगितले. दाजींनी गाडी भंगारात दिली आणि पुन्हा चाक हातात धरले नाही. एका लाकडाच्या वखारीत ते बसू लागले. मालेगावचे स्नेही एकदा आपली गाडी घेऊन दारात आले, "जरा गल्लीपर्यंत तरी चालवा, यार," म्हणाले. दाजींनी हात जोडले. ताई मला सांगे की ते दुपारी आडवे होत नाहीत, बसल्या बसल्या स्वतःला चिमटे काढतात. मी ऐकून घेत असे आणि मुलाबाळांचे काहीतरी विचारून विषय बदलत असे.

अशी काही वर्षे गेली. मग भाची बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाला घर भरले होते. पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटल्या, आणि भाचीने बाळ उचलून दाजींच्या मांडीवर ठेवायला आणले.

दाजींनी दोन्ही हात मागे घेतले. "माझ्याकडे नको गं."

"अहो बाबा, घ्या की! चावत नाही ती."

"माझा भरवसा नाही, पोरी. कधी डोळा लागेल सांगता येत नाही. पडेल ती."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणाले, "आजोबा लाजले!" बाळ दुसरीकडे गेले. दाजी मात्र आपले रिकामे तळवे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. दाजी ओसरीवर भिंतीला टेकून ताठ बसले होते. ताई आत बाळाला न्हाऊ घालत होती, तिचे बोलणे बाहेर ऐकू येत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळे सांगितले. कुस्त्या, कुंचला, डांबराची साल, आतली माती. तुकडा नदीत टाकल्याचेही सांगितले, म्हणजे दाखवायला माझ्याजवळ काही नाही, विश्वास ठेवायचा तर माझ्या शब्दावरच ठेवावा लागेल, आणि तो ठेवावा असा मी नाही.

दाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे मी जागा होतो?"

मी त्यांच्या न वाकणाऱ्या गुडघ्याला हात लावला.

"जागे होता, दाजी. रस्ता दिसत होता तुम्हाला. तुमचं काही चुकलं नाही. चिखल मी ठेवला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा दोन्ही वेळा मी खोटं बोललो. त्या म्हातारीचा हात मी मोडला, तुमची गाडी मी घालवली, आणि इतकी वर्षं तुम्हाला झोपू दिलं नाही. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा, दाजी. आणि आत जाऊन त्या पोरीला मांडीवर घ्या."