पडद्याच्या चॅनेलमधलं कुंकू

आबांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि मामाच्या गाडीचे पडदे लागत नव्हते. एवढीच गोष्ट आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

माझे वडील, आबा, गुऱ्हाळावर रस आटवणारे गुळव्या होते. काहिलीतला उकळता रस त्यांच्या तोंडावर, गळ्यावर, हातांवर उडाला तेव्हा मी कोल्हापुरात हॉस्टेलवर होते. दवाखान्यातून घरी सोडल्यावरही त्यांना दिवसाआड ड्रेसिंगला शहरात जावं लागायचं. एकदा जाताना पारावरच्या बाईच्या कडेवरचं मूल त्यांना बघून किंचाळलं. त्यानंतर आबांनी उंबरा ओलांडला नाही. जखमेला वास यायला लागला. कापड चिकटायचं, म्हणून तोंड झाकताही येत नव्हतं.

मामानं लग्नाच्या भाड्यांसाठी एक जुनी मोठी गाडी घेतली होती. बटण दाबलं की खिडक्यांचे पडदे सरकायचे. तो ती घेऊन आला, पण त्या दिवशी मोटर नुसती घुमली आणि दोन्ही बाजूंचे पडदे अर्ध्यावर अडकले. हातानं ओढूनही हलेनात.

"चादर बांधतो की, दाजी," मामा दारातून म्हणाला.

आबा आतूनच बोलले, "चादर बांधल्याली गाडी बघून गाव म्हणंल, गेला. पडदं लागलं तर येतो. न्हाय तर न्हाय."

मामानं माझ्याकडं बघितलं. "इंजिनीअरीणबाई, बघा की जरा. का नुसती कागदावरच वीज?"

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि तीही इलेक्ट्रिकलला. फ्यूज बघितला, वायर बघितली. सगळं ठीक होतं. मग खिडकीवरच्या चॅनेलचं झाकण काढलं. पडदा ज्या बारक्या चाकांवर सरकतो ती चाकं लाल चिखलात रुतली होती.

"मामा, हे काय?"

"दसऱ्याची पूजा. बटणावर चालतंय म्हंजे ते बी यंत्रच की. हळद-कुंकू वाह्यलं, वरनं तेल सोडलं."

मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि पुसायला घेतलं. तोच आईनं माझं मनगट धरलं.

"कुंकू पुसतीस? तुझा बा आत असा पडलाय आन् तू कुंकू पुसतीस?"

"आई, ते मोटरचं आहे."

"कुणाचं बी असू दे."

"येडी का काय तू, आक्का?" मामा म्हणाला. पण फडकं त्यानंही हातात घेतलं नाही.

मला आईचा राग आला होता. आतून आबांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. आईनं तो ऐकला आणि ती गाडीत चढली. चॅनेलमधला थोडा गाळ तिनं बोटावर घेतला आणि कपाळाला लावला.

"पुसायचं न्हाय. उचलायचं," ती म्हणाली.

मग मी काडीनं कोरून काढत गेले आणि ती तळहात पुढं करत गेली. कपाळ भरलं. मग तिनं मंगळसूत्राच्या वाट्यांना लावलं, भांगात लावलं. तेल भुवयांवरून गालावर ओघळत होतं. मामा पाठ फिरवून उभा राहिला. दुसऱ्या बाजूचं चॅनेलही आम्ही तसंच साफ केलं.

बटण दाबल्यावर पडदे आधी थोडे अडखळले, मग पूर्ण लागले. आबा आले.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तरी आबा उठले नाहीत.

"भायेर माणसं किती हायत?"

मी पडदा बोटभर बाजूला करून बघितलं. बाकं भरलेली होती, पायऱ्यांवरही माणसं बसली होती. आई माझ्याकडं बघून मान हलवत होती, सांगू नकोस म्हणून.

"लय हायत, आबा," मी म्हणाले.

मग त्यांनी हात पुढं केला. मनगटापर्यंत कातडी सोललेली होती, कुठं धरावं ते मला कळेना. शेवटी दंडाला धरून त्यांना उठवलं. मामानं दार उघडलं.