बाटलीच्या गळ्यावरचा त्रिकोण

ताई म्हणाली, तुला शार्क दाखवायला नेते. मी पहिलं विचारलं, "पाण्यात आमिष टाकतात का?"

"चौकशी समितीवर नाही बोलवलं तुला," ती म्हणाली. "बुडी मारायला चल म्हणतेय."

ताई हिंजवडीत नोकरी करते. कंपनीच्या कॅबमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकून, तिने समुद्राखालचे व्हिडिओ बघितले आणि हे वेड लावून घेतलं. आधी चिंचवडच्या पोहण्याच्या तलावात, मग मालवणला जाऊन आम्ही दोघं पाठीवर हवेची बाटली बांधून खाली उतरायला शिकलो. मी शिकलो ते तिच्यावर लक्ष ठेवायला. मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहितो, चाकणच्या गेटांवर वाटतो. जिथे सगळे हसतमुख असतात, तिथे काहीतरी दाबलेलं असतं, एवढं त्या कामाने मला शिकवलंय.

ती जागा लक्षद्वीपच्या बेटांपासून बोटीने कित्येक तास दूर होती. वर नुसतं पाणी, खाली बुडालेला खडक. ताईने वर्षभराच्या सुट्ट्या साठवल्या होत्या, आणि भर दर्यात फिरणारे शार्क पाहायला मिळणार होते फक्त दोन दिवस.

बोटीवर चढल्या चढल्या सहीसाठी फॉर्म आला. कुठल्याही इजेची जबाबदारी आमची नाही, असं त्यात तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं होतं. असले कागद मी गेटवर पुष्कळ पाहिलेत. मी बादल्या हुंगल्या. बर्फाची पेटी उघडून पाहिली. आमिष नव्हतं. आमचा शिकवणारा, मालवणचाच, स्वतःच्या बाटल्या घेऊन बरोबर आलेला, माझ्याकडे बघून हसत होता.

"काय रे, मुशी धरून आणून बांधून ठेवलंय असां वाटतां तुका?"

"पत्रक काढेल हा," ताई म्हणाली. "शार्कना कायम करा म्हणून."

पहिल्या दिवशी उतरलो. खडकाची कड संपली आणि पुढे नुसता निळा रंग. बराच वेळ त्यात काही नव्हतं. मग त्या निळ्यालाच आकार आला. एक, मग त्याच्यामागे पाच-सहा, हातोडीसारख्या डोक्याचे. घाई कशाची नाही, शेपटीचा एक फटकारा आणि पुढे. त्यातला एक वळून माझ्याजवळून गेला. कंपनीचा वॉचमन गेटपास बघतो तसा त्याने एक डोळा माझ्यावरून फिरवला आणि मला निकालात काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, इथे संशय घ्यायचा हक्क माझा नाही, त्यांचा आहे. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वर आल्यावर वळ दिसत होते. ती रडत होती की खारं पाणी होतं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी बाटली तपासत होतो. हवेचा दाब, नळी, गळ्यावर कोरलेली चाचणीची तारीख. ताई म्हणाली, "एवढा शहाणा आहेस तर माझीही बघ."

मी तिच्या बाटलीवरची जाळी खाली सरकवली. तारखेच्या शेजारी एक छोटा त्रिकोण होता. त्याचा डावा कोपरा उडालेला.

तो माझा त्रिकोण होता.

पत्रकं लिहायच्या आधी मी कुरुळीच्या एका छोट्या शेडमध्ये कामाला होतो. तिथे गॅसच्या, हवेच्या बाटल्या तपासायला यायच्या. बाटलीत पाणी भरून जबर दाब द्यायचा. ती किती फुगते ते काचेच्या नळीत चढणाऱ्या पाण्यावरून कळतं. दाब सोडला की पाणी परत खाली आलं पाहिजे, नाही तर बाटली बाद. आलं, तर हातोडीने गळ्यावर तारीख ठोकायची आणि शेजारी तपासणाऱ्याची खूण. प्रत्येकाचा ठोकायचा खिळा वेगळा. माझा त्रिकोणाचा, कोपरा तुटलेला.

शनिवारी टेम्पो उभा असायचा. आमचा सुपरवायझर गावातलाच. म्हणायचा, "आधी ठोक की राव. बाटली चांगली हाय, दिसत न्हाई व्हय?" आणि आम्ही न तपासता ठोकायचो. दिवाळीला सुट्टी नाकारली म्हणून भांडून मी ती शेड सोडली. मग पहिलं पत्रक लिहिलं. त्यात ओव्हरटाइम होता, हातमोजे होते, संडासला कडी नाही हेही होतं. शनिवारचं ठोकणं त्यात नव्हतं. ते मालकाचं पाप नव्हतं, आमचं होतं, म्हणून मला ते सुचलंच नाही.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"ही नको घेऊस."

"का?"

"हिच्यावर माझी खूण आहे."

"मग चांगलंच आहे की."

मग मला सांगावं लागलं. सगळं. ती त्रिकोणावर बोट ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ही तू तपासलेली की नुसती ठोकलेली?"

"आठवत नाही."

"काल माझ्या पाठीवर होती रे ही."

तेवढ्यात शिकवणारा जवळ आला. त्याने बाटलीवर हात ठेवला, थापटी मारली. "पाण्यात काय्येक होवचा नाय तिका. अशी बाटली फुटतली तर भरताना फुटतली. आणि भरतंय मी." थांबून म्हणाला, "तीन वर्षां. रोज. मांडीला लावून."

मी जन्मात त्या माणसाचा विचार केला नव्हता. बाटली वापरणारे कुणीतरी पैसेवाले असतील, एवढंच डोक्यात. हवा भरायच्या कॉम्प्रेसरजवळ बाटली मांडीला लावून बसणारा कामगार असेल, हे मलाच, मलाच सुचलं नाही.

आम्ही सगळ्या बाटल्यांच्या जाळ्या उतरवल्या. माझ्या खुणेच्या चार निघाल्या. त्या बाजूला काढल्या तर बाटल्या सगळ्यांना पुरत नव्हत्या. मी माझी ताईला दिली. ती पट्टा आवळून पाण्यात गेली. खाली शार्क होते. मी वर बसून चारही बाटल्यांमधली हवा सोडत होतो. तो फुसफुस आवाज बराच वेळ चालला. बोटवाला विचारत राहिला, चांगली हवा का वाया घालवतोय म्हणून.

त्या चार बाटल्या मी ट्रान्सपोर्टने भोसरीच्या एका तपासणी शेडमध्ये मागवल्या. कुरुळीला नेल्या नाहीत. भोसरीच्या शेडमधल्या माणसाला म्हटलं, मी उभा राहणार. तो चिडला. "विश्वास नाही का भाऊ?"

"माझ्यावर नाही," मी म्हटलं.

ताई अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. भिंतीला टेकून उभी राहिली. पहिली बाटली. पाणी चढलं, खाली आलं. दुसरी, तिसरी, तसंच. तिने सुस्कारा सोडला. चौथीचं पाणी चढलं. त्याने दाब सोडला. पाणी थोडं उतरलं आणि मध्येच थांबलं. आम्ही तिघं नळीकडे बघत राहिलो. ते पुढे उतरेना.

"ही माझी," ताई म्हणाली. तिला बाटलीवरचा ओरखडा आठवत होता.

त्याने माझा त्रिकोण हातोडीने चेचून टाकला. मी बाहेर येऊन मालवणला, आमच्या शिकवणाऱ्याला फोन लावला. तिकडे कॉम्प्रेसर चालू होता, ऐकू येत नव्हतं. मी ओरडून सांगितलं. त्याने मशीन बंद केलं.

"परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं.

"पत्रक काढतलंस?"

"हो."

"तुझां नाव घाल हां त्यात," तो म्हणाला. "पहिल्या ओळीत."