‘खलास’ न म्हणणारे मामा

माझ्या मामांइतका शेवटाला घाबरणारा माणूस अख्ख्या आखातात सापडणार नाही. वडील गेले तेव्हा आमच्या घरात आईशिवाय कमावतं कुणी उरलं नाही; आई काजूच्या कारखान्यात बोटं काळी करायची. ‘पोरगा पदवीधर झाला की परत येतो,’ असं तिला सांगून मामा शारजाला आले आणि औद्योगिक क्षेत्रातल्या एका सुतारखान्यात रंध्याला चिकटले ते चिकटलेच.

बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ म्हणायची, ही आमच्या बायकांची रीत. मामांनी ती सगळ्या जगाला लावली. डिंक वाढायचा, साबण वाढायचा. एकदा तांदूळ संपले, तर खोलीतल्या केरळच्या जोडीदाराला म्हणाले, “चावल बढ गया.” तो खूश होऊन बाजारात गेलाच नाही आणि खोलीतले सहाही जण चहात खुबूसची रोटी बुडवून जेवले. इथे उठताबसता कानावर पडणारा ‘खलास’ मामांच्या तोंडून कधी निघाला नाही.

मी पदवीधर झालो, शारजातच नोकरीला लागलो. मामांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आई दर फोनला विचारायची, भाऊ कधी येणार? मी विषय बदलायचो. सुट्टीच्या दिवशी मामा अल मजाजला खाडीकाठच्या माझ्या घरी येत आणि सागाच्या तुकड्यांतून एक जुनं अमेरिकन जहाज घडवत बसत. समोर त्या जहाजाचं चित्र, कुणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं. एका दुपारी मी त्या ‘शेनान्डोआ’ची हकीकत इंग्रजी पुस्तकातून वाचून त्यांना सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्यांचं जहाज, शत्रूची व्यापारी गलबतं जाळणारं. लढाई हरून संपली, पण बातमी पोचली नाही. ते आपलं बर्फाळ समुद्रात जाळतच राहिलं. शेवटी वाटेत भेटलेल्या एका जहाजाने सांगितलं. मग तोफा पोटात लपवून, कुठल्याही बंदराला न लागता, ते थेट इंग्लंडला गेलं आणि निशाण उतरवलं.

मामा खिडकीबाहेर बघत होते. खाडीचं पाणी उन्हात झोपलं होतं.

“बाजू वाईटच,” ते म्हणाले. “पण इतके दिवस त्यांना कुणी सांगितलंच नाही?”

मीही कुठे सांगितलं होतं?

“मामा, तुमची लढाई वाढली.”

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

त्यांनी सागाच्या जहाजावरचं चिमटीएवढं निशाण हळूच खाली घेतलं. “खलास, भाच्या.”

जहाज आता माझ्या खिडकीत असतं. संध्याकाळी खाडी तांबूस झाली की ते निघाल्यासारखं वाटतं. मामा गावी आईच्या शेजारी राहतात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे.