बाघेच्या नागांना पाऊस मागायला गेलो त्याची हकीकत

आषाढ कोरडा गेला, विहिरीत गाळ उरला, तेव्हा आमचे काका म्हणाले, "बापू, बाघेच्या लेण्यांत जाऊ, तिथे नागराजा आहे." बौद्धांच्या एका जुन्या पोथीची नक्कल त्यांनी केली होती. तीत नागांकडून पाऊस मिळवण्याचा विधी होता. मी शाळामास्तर, असल्या गोष्टींवर हसणारा. पण बुडत्याला काडीचा आधार, तसा निघालो.

देवासहून धारपर्यंत टांग्याने सडक बरी आहे. पुढे बैलगाडीचे तीन दिवस, आणि हाडं खिळखिळी. धारेला शिळी भाकरी अन् कांदा मिळाला. गाडीवान म्हणाला, "पाणी साथ में लई लो भिया, आगे कुआ सूखा है." पुढे जाणाऱ्यांनी त्याचं ऐकावं. आम्ही दोनच तांबे घेतले, हा आमचा शहाणपणा!

बाघेची नदी म्हणजे नुसते गोटे. लेण्यांत वटवाघळांची घाण, पण फणा पसरून बसलेला दगडी नागराजा पाहून मी नकळत हात जोडले. काकांनी बाहेर अंगणात निळं धोतर नेसून निळं छत बांधलं. चार दिशांना शेणाने नाग काढायचे: पूर्वेला तीन फण्यांचा, दक्षिणेला पाच, पश्चिमेला सात, उत्तरेला नऊ. "आणि नागांना दटावायचं नाही, मैत्री सांगायची," काका म्हणाले.

पण दुष्काळात ओलं शेण कुठलं? झुमली नावाच्या भिलणीची एक गाय तग धरून होती. तिने वाळलेलं शेण दिलं. कालवायला पाणी हवं होतं. आमचे तांबे संपत आले होते.

"म्हाराज, इतरोज पाणी हे. गाय प्यासी हे," झुमली तळाशी पाणी उरलेलं मटकं धरून म्हणाली.

"बाई, आज बारिश लाऊंगा. तेरी मटकी भर जाएगी," काका म्हणाले.

तिने मटकं ओतलं.

काका पूर्वेला तोंड करून दिवसभर वाचत राहिले. घसा बसला तरी थांबले नाहीत. आभाळ तसंच पांढरं. दुपारी शेणाचे नाग सुकून तडकले. उन्हं उतरताना झुमली गाय घेऊन आली. "नी आयो?" आभाळाकडे बघत एवढंच तिने विचारलं. आमच्या तांब्यात दोन घोट होते. ते तिने गाईपुढे धरले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

देवासला परतल्यावर आठव्या दिवशी पाऊस झाला. लोक काकांच्या पाया पडायला आले. काका दार लावून बसले. मला आत बोलावून म्हणाले, "बापू, बाघेलाही पडला असेल ना रे?"

सकाळीच तो गाडीवान भेटला होता, बाघेकडून आलेला. तिकडे थेंब नव्हता, आणि झुमलीची गाय गेली होती.

"पडला असेल, काका," मी म्हणालो.