भोपळ्याच्या पोटातले डोळे

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने, भोपळ्याने, दारावरची काळी बाहुली गिळली, तेव्हा माझ्याकडे घरातल्या आणीबाणीच्या अकरा याद्या तयार होत्या. बाहुली एकीतही नव्हती.

दाराशी मी डबे उंचीप्रमाणे ओळीने लावते. (व्यवस्थितपणा!) भोपळ्याला तो आयता जिना झाला. नेरळला दुपारचे चार वाजले होते, पण माथेरानवरून उतरलेल्या धुक्यात समोरची इमारत नाहीशी झाली होती. वीज गेलेली. दारावर तुटका काळा दोरा हलत होता. वारा नव्हता. खाली अडीच महिन्यांचा भोपळ्या निश्चल बसून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडातून उरलेला दोरा लोंबत होता.

मी दोरा ओढायला वाकले.

"हात लावू नको गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर आल्यागेल्याची वाईट नजर तिनंच घेतलीया. ती आता याच्या पोटात हाय."

अंगावर काटा आला. मी तो झटकून कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दोरा ओढू नका. आतडी कापली जातील."

"मिठाचं पाणी पाजू?"

"नको. उलटी करवू नका."

"केळं?"

"काहीच नको."

"मग मी करू काय?"

"ताबडतोब या."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "काकू, त्याच्या तोंडातनं काय लोंबतंय?"

"काळी बाहुली गिळलीया," सासूबाईंनी खरं ते सांगितलं.

रिक्षा थांबली. "मी नाय येत. माझ्या घरात लहान पोर हाय."

"ह्ये पण लहानच हाय रं."

आरसा आभाळाकडे फिरवून रिक्षावाल्याने रिक्षा पुन्हा सुरू केली. भोपळ्याला उचक्या लागल्या होत्या. दर उचकीला दोरा बोटभर आत जाई, जणू आत बसून कुणीतरी तो गुंडाळत होतं. कर्जत येईपर्यंत तो दिसेनासा झाला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. फासळ्यांच्या मागे, शेजारी शेजारी, दोन पांढरे ठिपके. बाहुलीचे काचमण्यांचे डोळे. ते आमच्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी फिल्म उलटी केली. तरी बघतच होते.

"पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "जीव लहान आहे. प्रयत्न करतो."

तासभर मी बाकावर बसले. कागदावर एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि पुढे काहीच लिहिता येईना. सासूबाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

शेवटी दार उघडलं. "शुद्धीवर येतोय. शेपटी हलवली," डॉक्टर म्हणाले. मग सुटकेच्या भरात सासूबाईंना रागावले, "आजी, कशाला टांगता असलं काही दारावर?"

"मी नाय बा. माझी सून शिकलेली हाय. तिनंच आणून बांधली."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कशासाठी?"

"पिल्लू फार गुटगुटीत आहे हो," मी म्हणाले. "त्याला दृष्ट लागून काही होऊ नये म्हणून."