मुळांसकट बावीस किलो

नसरापूरच्या फाट्याजवळ नव्याने निघालेल्या एका चकचकीत दुकानात परवा मला भांगेच्या बियांची बरणी दिसली. वर हिरवं पान छापलेलं आणि खाली ‘पूर्वजांचा पौष्टिक ठेवा’ असं लिहिलेलं. मी बरणी हातात घेतली तसा दुकानदार समजावून सांगू लागला की ताई, यात नशा अजिबात नसते, चटणीला फार छान लागते, सरकारची परवानगी आहे. मी त्याला म्हटलं, मला शिकवू नका. तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याची काहीच चूक नव्हती. बी विकायला कायद्याची हरकत नाही, हे त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती दुसऱ्याच कारणाने.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. साध्या भाषेत सांगायचं तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली बाई. वेल्ह्यात मी अकरा वर्षं काढली. लस टोचायची, पोटफुगीला औषध पाजायचं, अडलेली म्हैस सोडवायची. वाड्या-वस्त्यांवरचे लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

या झाडाबद्दल कुणाला काही धड माहीत नसतं, मत मात्र प्रत्येकाला असतं. गांजा, चरस आणि भांग ही तीन वेगळी झाडं आहेत असं शिकलेसवरलेले लोकसुद्धा समजतात. झाड एकच. मादी झाडाच्या शेंड्याला जी चिकट फुलोऱ्याची बोंडं येतात तो गांजा. त्याच बोंडांवरचा डिंकासारखा चीक चोळून काढला की चरस. आणि पानांची भांग. नर झाडाला बोंडं धरत नाहीत, म्हणून गांजा पिकवणारे ते आधीच उपटून टाकतात. त्यातही प्रकार आहेत. काही उंच, सडपातळ, ज्याच्या खोडाच्या सालीचे दोर वळतात, कापड विणतात. काही थंड मुलखातलं बुटकं, झुडपासारखं. आणि आपल्याकडचं लांब बोटांच्या पानांचं, डोक्याच्या वर जाणारं. अथर्ववेदात त्याचा उल्लेख आहे, वैद्य त्याला विजया म्हणतात आणि भूक लागायला, झोप यायला, हगवण थांबायला शुद्ध करून देतात. माझे सासरे सांगायचे की त्यांच्या लहानपणी गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा. इंग्रज सरकार तो पिकवू द्यायचं आणि त्यावर कर घ्यायचं. पुढे आपला कायदा आला. त्याने बोंडं आणि चीक बंद केला. नुसतं पान आणि नुसतं बी, सोबत बोंड नसेल तर, गांजा धरायचं नाही असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणून तर काही राज्यांत भांग दुकानात उघड मिळते आणि नसरापुरात चटणीची बरणी.

हे सगळं मला वेल्ह्यातल्या त्या छाप्याच्या दिवशीही माहीत होतं. म्हणून तर राग येतो.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या खांद्यावर एक सात घरांची धनगरवस्ती आहे. तिथल्या एका सत्तरीच्या बाबांकडे पाच म्हशी आणि थोड्या शेळ्या होत्या. पावसाळ्यात तिथे माझी गाडी पोचत नाही, मग आजूबाजूच्या चार वस्त्यांचे लोक जनावराला हगवण लागली की या बाबांकडे यायचे. ते भांगेचा पाला वाटून, गुळात कालवून जनावराच्या जिभेवर ठेवायचे. किती द्यायचा ते जनावराच्या पाठीवरून हात फिरवून ठरवायचे. माझ्या पुड्यांपेक्षा त्यांचा पाला लवकर गुण देतो हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि कुठल्याच अहवालात लिहिलं नाही.

ही झाडं त्यांच्या उकिरड्यावर आपोआप उगवायची. मागच्या वर्षीचा पाला झाडला की बी तिथेच पडायचं, पावसात वर यायचं. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून ते भोवती करवंदीच्या काट्यांची कूड घालायचे. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. म्हणाले, लावायला लागतंय व्हय, शेणातनं येतंय फुकट.

मग एका भादव्यात डोंगर चढायला आलेल्या कुणा शहरी मंडळींनी त्या झाडांबरोबर दात काढत व्हिडिओ काढला आणि मोबाईलवर टाकून दिला. ‘डोंगरातली गांजाची बाग’, असं काहीसं नाव दिलं. त्यांना म्हशी दिसल्या नाहीत, काट्यांची कूड दिसली नाही, म्हातारा दिसला तोही मागे उभा असलेला, गमतीचा. त्या लोकांची तोंडं मला आजही पाहायची नाहीत.

चार दिवसांनी आमच्या दवाखान्यात पोलिसांचं पत्र आलं. छाप्याला पंच म्हणून सरकारी नोकर पाहिजे. मला पाठवलं.

धो धो पाऊस. गाडी खालीच ठेवून चिखलातून वर गेलो. एक साहेब, चार शिपाई आणि दोन पंच, मी आणि ग्रामपंचायतीचा एक कारकून. बाबा दारातच बसले होते. साहेबांनी विचारलं, ही झाडं कुणी लावली?

बाबा उठून उभे राहिले आणि ठणकावून म्हणाले, “म्याच लावली. माज्या हातची हायती.”

ते खोटं का बोलले हे तिथल्या कुणाला कळलं नसेल, मला कळलं. त्या वस्तीची उभी हयात एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात गेली आहे. जंगल खात्याचा माणूस येतो, मोजणीचा माणूस येतो आणि विचारतो, हे कुणाचं? आपोआप उगवलं म्हटलं की ते सरकारचं होतं. आंबा असो, हिरडा असो, नाचणीचा तुकडा असो, आम्ही लावलं, आमच्या हातचं आहे, असं म्हणेल त्याच्याकडेच ते राहतं. जमिनीच्या दाव्यासाठी प्रत्येक झाडाबद्दल हेच सांगा, असं त्यांना कितीतरी वर्षं पढवलेलं. खाकी कपडे बघितल्यावर त्यांनी तेच सांगितलं. आपलं औषध सरकारने नेऊ नये एवढाच त्यांचा हिशेब.

साहेबांनी लिहून घेतलं. काट्यांची कूडही लिहिली, लागवडीचा पुरावा म्हणून. मग शिपायांनी तिथे होती ती पाच झाडं उपटली. डोंगरातली लाल, चिकट माती, त्यात आठ दिवसांचा पाऊस. प्रत्येक मुळाला रांजणाच्या बुडाएवढा गोळा. तो गोळा न झाडता, पानांतून पाणी निथळत असताना, त्यांनी झाडांची मोळी बांधली आणि ओसरीच्या वाशाला काटा अडकवून वजन केलं. बावीस किलो.

एक किलोपर्यंत गांजा असेल तर गुन्हा किरकोळ. वीसच्या वर गेला की तो धंद्याचा साठा, मग जामीन मिळणं जवळजवळ अशक्य. हेही मला माहीत होतं. त्या बावीस किलोंत गांजा शून्य होता. भादव्यात या झाडाला फूल येत नाही आणि शेंडे तर बाबांनी पाल्यासाठी कधीच खुडले होते. होता तो पाला, काठ्या, पाणी आणि डोंगरातली माती.

मी तोंड उघडून एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, माती झाडा. दोन शब्द. पण चार वाजून गेले होते, उतरताना ओढा वाढला असता, आणि भोरला बदली मिळावी म्हणून माझा अर्ज वरच्या टेबलावर पडला होता. माझं घर उत्रोलीला, रोजचं येणं-जाणं जीव काढायचं. पोलिसांशी वाद घातलेली बाई म्हणून माझं नाव वर जायला नको होतं. पंचनामा पुढे आला. दोनदा वाचला. सही केली. माझी सही फार सुबक आहे, शाळेपासून कौतुक होतं तिचं.

बाबांना नेताना ते बायकोला सांगत होते की थोरल्या म्हशीला संध्याकाळी पेंडीचं आंबोण दे, ती माझ्या हातचं खाते. त्यांना वाटलं उद्या परत येऊ.

ते चौदा महिने आत होते.

त्या चौदा महिन्यांत मी तीनदा त्या वस्तीवर गेले, लाळ-खुरकुताच्या लशीसाठी. त्यांची बायको म्हशी धरून उभी राहायची. पहिल्या खेपेला पाच होत्या, दुसऱ्या खेपेला तीन, मग दोन. एकटीच्या हातून होत नाही म्हणून पाहुण्यांकडे पाठवल्या म्हणाली. थोरली म्हैस पाहुण्यांकडे आंबोण खाईना, तिथेच गेली. प्रत्येक वेळी त्या माउलीने मला कोरा चहा केला आणि विचारलं, “बाई, कवा सोडतील वं?” मी सांगायची, होईल लवकर. चहा गिळायची आणि खाली उतरायची. मधल्या काळात माझी बदलीही झाली, भोरला. आनंदाने पेढे वाटले मी.

पुण्याच्या कोर्टात साक्षीचा दिवस आला तेव्हा बाबांना ओळखायला मला वेळ लागला. मिशी काढलेली, सदरा ढगळ झालेला. त्यांना सरकारकडून दिलेली वकील माझ्या मुलीएवढी होती. तिने हळू आवाजात विचारलं की वजन करण्याआधी मुळांची माती झाडली होती का?

मी म्हटलं, नाही. मग मला थांबवेना. पानं ओली होती, झाडाला एकही बोंड नव्हतं, ती उकिरड्यावर आपोआप उगवली होती, पाला जनावरांच्या औषधाला लागायचा, आणि बाबांनी ‘मी लावली’ असं का म्हटलं तेही सांगितलं. सरकारी वकील हरकती घेत राहिले. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, “एवढं सगळं माहीत होतं, तर मग सही का केलीत?”

मी खरं ते सांगितलं. पाऊस होता, उशीर होत होता आणि साहेबांशी वाद नको होता. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा राग आला नाही.

महिन्याभराने बाबा सुटले. त्यानंतर आठवड्याने ते भोरच्या दवाखान्यात आले, एसटी बदलत, वेल्ह्याहून. शेळीला हगवण लागली होती, पुडी पाहिजे होती. उकिरड्यावर यंदाही झाडं आली होती, ती त्यांनी घरी पोचताच उपटून जाळली होती. मी चार पुड्या बांधून दिल्या. त्या त्यांनी टोपीत ठेवल्या आणि माझ्यापुढे हात जोडले.

“बाई, तुमी कोर्टात बोललात म्हून सुटलो. लई उपकार झालं.”

इतका राग मला त्या छाप्याच्या दिवशीही आला नव्हता. मी जवळजवळ ओरडलेच. म्हटलं, उपकार कसले बाबा? तुम्हाला आत घालणाऱ्या कागदावर माझी सही आहे. तुम्हाला माहीत नाही का?

ते शांतपणे म्हणाले, “ठाव हाय की. म्या बी त्याच्यावर अंगठा दिलाय. सायबांनी सांगितलं, दिला. तुमी बी दिला.”

म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही दोघं सारखेच. ते एसटी चुकेल म्हणून लगबगीने निघून गेले. त्यांना त्या कागदावरचं अक्षर वाचता येत नव्हतं. मी तो दोनदा वाचला होता.